अवेळी उगवलेला मृग

एखादं यंत्र बिघडतं, बंद पडतं, हे आपण समजू शकतो. पण आदल्या दिवशी समजावून सांगितलेलं सगळं जर एखादं यंत्र रात्रीतून साफ विसरत असेल, आणि सकाळी पाटी पुसून आल्यासारखं समोर बसत असेल, तर त्याला काय म्हणावं?

बकुळ त्याला ‘विसरकाका’ म्हणायची.

विसरकाका पळसखेडच्या टेकडीवर, तारांगणात राहायचे. तारांगण म्हणजे एक पांढरा गोल घुमट. आत गाद्या घातलेल्या. त्यावर पाठ टेकून वर पाहायचं, आणि मधोमध उभा असलेला प्रक्षेपक (प्रकाशाने चित्र उमटवणारं यंत्र) छतावर अख्खं आकाश मांडायचा. निदान बकुळची आई लहान होती तेव्हा तरी मांडायचा. आता सन दोन हजार चोपन्नचा मे महिना चालू होता आणि गेली कित्येक वर्षं छतावर फक्त पालींचे ठसे होते.

प्रक्षेपकाला काही झालं नव्हतं. त्याला हुकूम देणारा संगणक आजारी होता. तोच विसरकाका! एक जुनं वर्कस्टेशन (मोठमोठ्या गणितांसाठी बनवलेला दणकट संगणक). काळं, बकुळच्या कमरेपर्यंत येईल एवढं उंच, आणि चालू झालं की पिठाच्या गिरणीसारखं घरघरणारं. त्याच्या पोटात सर्किटची एक जुनी पट्टी बसवलेली होती आणि प्रक्षेपकाची वायर फक्त त्या पट्टीलाच लागायची. म्हणजे नवा संगणक आणून भागणार नव्हतं. काकांनाच बरं करायला हवं होतं.

आणि तेही शनिवारच्या आत. कारण नगरपालिकेने कळवलं होतं, शनिवारी संध्याकाळी मुख्याधिकारी मॅडम पाहणीला येतील. घुमटात तारे दिसले तर ठीक. नाही दिसले तर घुमटाचं गोदाम. पाण्याचे जुने पाइप ठेवायला एवढी ऐसपैस जागा गावात दुसरी नव्हती.

“पाइप!” बकुळ घरी येऊन रडकुंडीला आली होती. “आई, जिथं तू आकाश पाहिलंस तिथं पाइप ठेवणार!”

आई दीड वर्षांच्या इशूला भात भरवत होती. तिने बकुळकडे पाहिलं आणि एवढंच म्हणाली, “मग सुट्टी लागलीच आहे. कुलथे आजींकडे जा. त्यांना दोन हात जास्तीचे लागतीलच.”

कुलथे आजींनी सारा जन्म ताऱ्यांचा उजेड मोजण्यात घालवला होता. निवृत्त झाल्यावर त्या गावी परत आल्या आणि तारांगणाची किल्ली स्वतःच्या कमरेला लावून मोकळ्या झाल्या. बोलायला तिखट. पण कुणी प्रश्न विचारला की हातातलं काम टाकून उत्तर द्यायच्या. त्यांच्या मदतीला खडू होता. खडू म्हणजे नगरपालिकेने दिलेला सफाईचा रोबो. पांढरा, बुटका, डोक्यावर सूर्यपट्टी आणि बोलणं थेट सरकारी परिपत्रकासारखं.

“सूचना,” बकुळ पहिल्या दिवशी आत आली तेव्हा तो म्हणाला. “सदर संगणक पंचवीस वर्षे जुना आहे. तो भंगारात जमा करावा.”

“तुझंच वय काय रे?” आजी गरजल्या.

“अकरा वर्षे.”

“माझ्याएवढाच की!” बकुळ म्हणाली. “तुला टाकू का भंगारात?”

खडूने जरा विचार केला. “सूचना मागे घेण्यात येत आहे,” तो म्हणाला आणि गाद्या झाडायला लागला.

आजींनी एक करंगळीएवढा पेनड्राइव्ह पुढे धरला. “यात काकांचं औषध आहे. नवी ऑपरेटिंग सिस्टीम.” (ऑपरेटिंग सिस्टीम म्हणजे संगणकाच्या घरातला सगळा कारभार बघणारी कार्यप्रणाली. कुणाला किती जागा, कुणाचं काम आधी, कुठली कळ दाबली तर काय करायचं, हे सगळं तीच ठरवते.)

“जुनीच दुरुस्त का नाही करायची?”

“जुनी ज्या कंपनीने बनवली ती कंपनीच बंद झाली. आणि ती आतून कशी चालते हे त्यांनी कुणाला सांगितलंच नव्हतं. असं बघ, एका बाईंचं लोणचं फार छान. पण कृती कुणाला सांगायच्या नाहीत. बाई गेल्या, लोणचंही गेलं. दुसऱ्या बाईंनी मात्र कृती अंगणातल्या भिंतीवरच लिहून ठेवली. कुणीही घाला, मीठ कमी वाटलं तर वाढवा, फक्त काय बदललंत ते खाली लिहून ठेवा. आता सांग, या बाईंचं लोणचं कधी संपेल?”

“कधीच नाही. कुणीतरी घालतच राहील.”

“ही प्रणाली तशी आहे. मुक्त प्रणाली (जिची आतली कृती सगळ्यांसाठी उघडी असते ती). जगभरातली माणसं तिची डागडुजी करतात. कुणा भल्या माणसाने तर असल्या जुन्या प्रक्षेपकासाठीसुद्धा त्यात सोय करून ठेवलीय. लाव.”

बकुळने पेनड्राइव्ह लावला आणि बटण दाबलं. गिरणी घरघरली. पडद्यावर पांढरी अक्षरं आली: प्रणाली सापडली नाही.

“अहो आजी, लावलाय की मी!”

“लावलायस. पण काकांनी तिकडे बघितलंच नाही. तू सकाळी कशी उठतेस?”

“आई उठवते. मग मी इशूला उठवते. मग तो अख्ख्या गल्लीला उठवतो.”

आजी खळखळून हसल्या. “अगदी तसंच! बटण दाबलं की संगणक एकदम जागा होत नाही. एकजण दुसऱ्याला उठवतो, दुसरा तिसऱ्याला. सगळ्यांत आधी उठतं फर्मवेअर (संगणकाच्या मुख्य पाटीवर कायमचा बसवलेला छोटासा प्रोग्रॅम). ते म्हणजे तुझी आई. ती घरभर फिरून बघते, पडदा आहे का, कळपट्टी आहे का, स्मृती जागेवर आहे का. मग ती शोधते बूटलोडर (प्रणालीला हाताला धरून आणणारा प्रोग्रॅम). ती तू. आणि तू उठवतेस कर्नलला (प्रणालीचा गाभा). तो उठला की मग अख्खी गल्ली जागी.”

“मग आता अडलं कुठं?”

“आई तुला चुकीच्या खोलीत शोधतेय. आधी जुन्या डिस्कमध्ये बघतेय, तिथं कुणी नाही. तिला सांगायचं, आधी पेनड्राइव्हमध्ये बघ.”

आजींनी एक कळ दाबून पडद्यावर फर्मवेअरची निळी पाटी उघडली आणि बकुळने स्वतःच्या हाताने क्रम बदलला: आधी पेनड्राइव्ह, मग डिस्क. या वेळी गिरणी घरघरली आणि पडद्यावर हिरवंगार चित्र उगवलं.

“उठला!” बकुळ ओरडली. खडूने हातातली गादी खाली ठेवून टाळ्या वाजवल्या. त्याचे हात मऊ असल्यामुळे त्या ऐकू आल्या नाहीत, एवढंच.

हे अजून खरं उठणं नव्हतं. प्रणाली पेनड्राइव्हवरूनच चालत होती, पाहुण्यासारखी. कायमची राहायला यायची तर तिला डिस्कवर बसवावं लागणार होतं. पण पाहुण्यांनाही थोडं काम सांगता येतं. आजींनी आकाशाचा प्रोग्रॅम उघडला, गावाचं नाव पळसखेड टाकलं आणि प्रक्षेपक चालू केला. घुमटाच्या अगदी मध्यावर, चादरीएवढा, एक फिकट चौकोन उमटला. त्यात तारे होते. बकुळ पाठ टेकून बघतच राहिली. एका ओळीत तीन तारे, भोवती चार.

“मृग!” ती म्हणाली. “आजी, हा मृग आहे ना? हा मला येतो. आई दाखवते थंडीत.”

“हो हो. एवढंसंच दिसणार सध्या. अख्खं छत भरायचं तर प्रक्षेपकाचा ड्रायव्हर बसवायला हवा. (ड्रायव्हर म्हणजे संगणक आणि दुसरं यंत्र यांच्यामधला दुभाषा.) चल, मुख्य काम करू.”

पडद्याच्या कोपऱ्यात छोटंसं घड्याळ बारा वाजून काही मिनिटं दाखवत होतं. बाहेर तर ऊन कलायला लागलं होतं. दोघींनीही ते पाहिलं. पण वीज जाऊन आली की घरोघरची घड्याळं अशीच बारावर येऊन बसतात, त्यांच्याकडे कोण लक्ष देतं! “घड्याळ लावू सवडीने,” आजी म्हणाल्या आणि ‘स्थापना करा’ असं लिहिलेलं बटण दाबलं.

एक हिरवी पट्टी सरकायला लागली, थोडी पुढे गेली आणि थबकली. खाली लाल अक्षरं उमटली: मोहर अजून लागू झालेली नाही. स्थापना थांबवली आहे.

“म्हणजे?”

“प्रत्येक प्रोग्रॅमवर तो बनवणाऱ्याची मोहर असते. गणिताने बनवलेली, खोटी करता न येणारी खूण. कुणी मध्येच त्यात नको ते मिसळू नये म्हणून. प्रणाली ती मोहर तपासते आणि मगच आत घेते.” आजींच्या कपाळावर आठी पडली. “पण ‘अजून लागू नाही’ म्हणजे काय? पेनड्राइव्हच खराब दिसतोय.”

संध्याकाळ झाली होती आणि पश्चिमेकडे ढग जमत होते. वळवाचे दिवस. एकदा टेकडीवर वीज पडून प्रक्षेपकाचा एक भाग जळला होता आणि बदलावा लागला होता, तेव्हापासून आजींचा कडक नियम होता: घुमट सोडताना मेन स्विच पाडायचाच. आणि तो खटका पाडायचा मान बकुळला मिळाला होता. ती टाचा उंचावायची, दोन्ही हातांनी खटका खाली ओढायची. खटाक! सगळा घुमट गपगार. तिला ते फार आवडायचं.

दुसऱ्या दिवशी आजींनी खडूच्या मदतीने नवा पेनड्राइव्ह बनवून आणला. बकुळने बटण दाबलं.

प्रणाली सापडली नाही.

“काल तर सांगितलं होतं ना यांना, कुठं बघायचं ते!” बकुळने कमरेवर हात ठेवले. “काका, मी काय बोलले होते?”

काका घरघरले. पुन्हा निळी पाटी, पुन्हा क्रम, पुन्हा हिरवं चित्र. पुन्हा छतावर मृग. पुन्हा ‘स्थापना करा’. आणि पुन्हा तीच लाल अक्षरं.

“माझंच काहीतरी चुकतंय,” आजी चष्मा पुसत म्हणाल्या. “जाऊ दे बकुळे. पाइप तर पाइप. गावाला पाणीही लागतंच.”

टाचा उंचावून बकुळने खटका पाडला. आज त्याचा आवाज तिला आवडला नाही.

त्या संध्याकाळी जेवणं आटोपल्यावर आई इशूला घेऊन गच्चीवर आली. वारा चांगला सुटला होता, ढग पांगले होते. इशूला खांद्यावर टाकून आई गच्चीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत येरझाऱ्या घालत होती आणि त्याच्या पाठीवर हळूहळू थोपटत होती. बकुळ चटईवर पालथी पडली होती.

“एवढं तोंड पाडू नये,” आई म्हणाली. “वर तरी बघ. तुझे सप्तर्षी बघ किती छान दिसतायत. आणि तो तांबूस कोण?”

“स्वाती,” बकुळ पालथीच राहून म्हणाली.

“न बघताच?”

मग बकुळला वळावंच लागलं. उत्तरेला सप्तर्षी, उंचावर स्वाती, दक्षिणेकडे झुकलेली पांढरीशुभ्र चित्रा. तिने उगाचच तीन तारे शोधले. या टोकापासून त्या टोकापर्यंत शोधले.

“आई, मृग कुठाय?”

“तो कसा दिसेल आता? तो गेला मघाशीच, सूर्यापाठोपाठ.” इशूची मान घसरली तशी आईने ती सावरली. “अगं, मृग लागायला आलाय ना. मृग लागला म्हणजे काय? सूर्यच मृग नक्षत्रात जाऊन बसला. मग सूर्याच्या उजेडात ते तारे कसे दिसायचे? आपले लोक पेरणीच्या तोंडावर मृगाचं नाव घेतात आणि गंमत म्हणजे तेव्हाच तो दिसत नाही. तो दिसायचा थंडीत.”

बकुळ ताडकन उठून बसली.

“पण घुमटात डोक्यावर मृग होता! काल होता, आजही होता!”

“मग तुमच्या घुमटात थंडी असेल,” आई हसत म्हणाली.

बकुळ हसली नाही. घुमटात थंडी. थंडी म्हणजे डिसेंबर, जानेवारी. आणि मृग अगदी डोक्यावर म्हणजे मध्यरात्र. कोपऱ्यातलं घड्याळ बारा दाखवत होतं ना? म्हणजे आकाशाचा प्रोग्रॅम चुकत नव्हताच. काकांनी त्याला जो दिवस सांगितला, त्या दिवसाचं आकाश त्याने बरोब्बर दाखवलं होतं. चुकत होते काका!

“आई, मोहरेवर तारीख असते का?”

“कसली मोहर गं?” आई कुजबुजली. “हळू. आत्ता डोळा लागलाय त्याचा.”

सकाळी आजींनी कुलूप काढायच्या आधीच बकुळ पायरीवर बसलेली होती. एका श्वासात तिने सगळं सांगितलं. आजींनी ते ऐकलं आणि किल्ली कुलपातच ठेवून त्या तशाच उभ्या राहिल्या.

“मी!” त्या शेवटी म्हणाल्या. “जन्मभर तारे मोजले मी. आणि मे महिन्यात डोक्यावर मृग बघून ‘हो हो’ म्हणाले!”

“तुम्ही मोहरेकडे बघत होतात.”

“ते असू दे. चल आत.”

निळी पाटी उघडली. यावेळी त्यांनी क्रमाच्या वरची ओळ वाचली. तिथं लिहिलं होतं: एक जानेवारी, दोन हजार एकोणतीस.

“काकांचा जन्म त्या सालचा,” आजी म्हणाल्या. “ते आपल्या पाळण्यातच आहेत अजून! आता कळलं मला ते लाल अक्षरांचं. बकुळे, समज तू दुकानात बिस्किटांचा पुडा घेतलास. त्यावर पॅकिंगची तारीख छापलीय, पुढच्या वर्षीची. काय म्हणशील?”

“म्हणीन, हा खोटा आहे. पुढच्या वर्षी बनवलेली बिस्किटं आज कशी आली?”

“काका तेच म्हणत होते! मोहरेवर तारीख असते. अमुक दिवसापासून अमुक दिवसापर्यंत खरी. ही मोहर उमटली गेल्या वर्षी. पण काकांच्या हिशोबाने अजून पंचवीस वर्षांपूर्वीचा दिवस उजाडलाय. मग त्यांना ही मोहर भविष्यातून आलेली वाटणारच. लबाडी वाटणारच. मोहर खरी, पेनड्राइव्ह खरा, काका प्रामाणिक. फक्त त्यांना आजचा दिवस ठाऊक नाही.”

बकुळने आजचा दिवस टाकला. तास, मिनिटंसुद्धा टाकली. मग ‘स्थापना करा’ दाबलं आणि श्वास धरून बसली. हिरवी पट्टी सरकली. काल जिथं थबकली होती तिथून पुढे गेली. पुढे, आणखी पुढे. खडू झाडू टेकवून उभा राहिला. पट्टी भरली, ड्रायव्हर बसला, प्रक्षेपक गुरगुरला आणि छत या काठापासून त्या काठापर्यंत ताऱ्यांनी भरून गेलं. आजींनी संध्याकाळची वेळ लावली. डोक्यावर मृग नव्हता! सप्तर्षी होते, स्वाती होती.

आजी मटकन गादीवर बसल्या. त्यांनी डोळ्यांना पदर लावला आणि वर खडूलाच दरडावलं, “धूळ किती ठेवतोस रे!”

“धूळ आढळून येत नाही,” खडू म्हणाला.

नाचत नाचत बकुळने संध्याकाळी खटका पाडला. खटाक!

आता गोष्ट इथं संपायला हवी होती. पण विसरकाका ते विसरकाकाच.

शनिवारी दुपारी, पाहणीच्या आधी एकदा सगळं बघून घ्यावं म्हणून बटण दाबलं, तर घुमटात पुन्हा डोक्यावर मृग. निळ्या पाटीवर पुन्हा एक जानेवारी.

पुन्हा तारीख घालता आली असती. पण आज मॅडमसमोर चालवलं तरी उद्याचं काय? रोज सकाळी तारीख शिकवावी लागणारं यंत्र कोण ठेवून घेईल?

“रोज रात्री यांना होतं काय?” ती चिडून म्हणाली. “दिवसभर तर नीट असतात. मी घरी गेले की...” ती थांबली. तिने खटक्याकडे पाहिलं. मग खडूकडे. “खडू, तुलाही आम्ही रात्री बंद करतो. तुला सकाळी तारीख कशी आठवते?”

“मला तारीख आठवत नाही,” खडू म्हणाला. “मी ती मोजत असतो. मुख्य बॅटरी बंद असताना माझ्या छातीतील एक लहान सेल घड्याळ चालू ठेवतो. सदर सेल झोपत नाही.”

बकुळने काकांच्या काळ्या पेटीकडे बोट केलं.

“यांनाही असेल!” बकुळ म्हणाली.

आजींनी आधी वायर काढली, मग काकांच्या कुशीचे दोन स्क्रू सोडवले. आत धुळीच्या गोधडीखाली, मुख्य पाटीच्या कोपऱ्यात एक चपटा, रुपयासारखा गोल सेल होता. खडूने त्याला दोन बोटं लावली. “शून्य,” तो म्हणाला.

“हे बघ कसं झालं,” आजी सांगायला लागल्या, आणि घाई असूनही त्यांनी नीट सांगितलं. “फर्मवेअर चिपवर कोरलेलं असतं, ते जात नाही. पण तू त्याला सांगितलेल्या गोष्टी, तो क्रम, आणि त्याच्या शेजारचं घड्याळ, यांना सतत थोडीशी वीज लागते. संगणक बंद असला तरी भिंतीतून वायरीने चिमूटभर वीज येत असते, त्यावर भागतं. ती वायरीतली वीजही गेली तर हा सेल. आणि हा तर कधीचाच मेलाय.”

“आणि भिंतीतली वीज रोज मीच बंद करत होते,” बकुळ बारीक आवाजात म्हणाली. “त्या खटक्याने. म्हणजे काकांना रोज मीच विसरायला लावत होते.”

“तू नाही, माझा नियम. आणि नियमही बरोबर आहे, वीज काय सांगून पडते? खटका पाडायचाच. फक्त काकांच्या छातीत जागा राहणारा सेल हवा.”

“सूचना,” खडू हळूच म्हणाला. “या आकाराचे सेल गावातील दुकानांत मिळत नाहीत. जिल्ह्याहून मागवल्यास सोमवारी येतील.”

बकुळने तो मेलेला सेल तळहातावर घेतला. चपटा, गोल, चकचकीत. हा तिने कुठंतरी पाहिला होता. कुठं बरं? आईचा आवाज आठवला: सेल काढून ठेव गं, आत राहिले तर गळतात...

ती टेकडीवरून धावतच सुटली. घरी आई इशूला अंघोळ घालत होती.

“आई! दिवाळीच्या पणत्या! त्या सेलवाल्या!”

“मे महिन्यात?” आई म्हणाली. पण बकुळच्या तोंडाकडे पाहून तिने पुढे काही विचारलं नाही. ओल्या हातांनी माळ्याकडे बोट दाखवलं. “सजावटीच्या खोक्यात. तोरणाच्या खाली. सेल वेगळे काढून डबीत ठेवलेत बघ.”

डबीत सेल होते, कापसात निगुतीने गुंडाळलेले. आईची ही सवय बकुळला आजवर उगाच कटकट वाटायची.

खडूने एकेक सेल बोटांत धरला. “कमी. कमी. हा पुरेसा आहे.” आजींनी तो नखाने अलगद जागेवर बसवला. टक्! बकुळने पुन्हा एकदा तारीख घातली, क्रम घातला, या वेळी आधी डिस्क. मग आजी म्हणाल्या, “आता परीक्षा. पाड खटका.”

बकुळने टाचा उंचावल्या. खटाक! घुमट गपगार. दोघी अंधारात बसून राहिल्या. खडूच्या छातीवरचा हिरवा ठिपका तेवढा दिसत होता.

“पुरे,” आजी म्हणाल्या. “वर कर.”

गिरणी घरघरली. आईने बकुळला उठवलं, बकुळने इशूला, इशूने गल्लीला. हिरवं चित्र उगवलं. कोपऱ्यातलं घड्याळ बारा दाखवत नव्हतं. दुपार टळून गेल्याची अगदी खरी वेळ दाखवत होतं.

संध्याकाळी मुख्याधिकारी मॅडम आल्या. बूट काढून, जरा अवघडत, गादीवर आडव्या झाल्या. मागोमाग इशूला कडेवर घेऊन आई आली, आणि वाटेत ‘कुठं चाललात’ विचारत शेजारपाजारची पोरंही आली. आजींनी दिवे मालवले.

तारे उगवले. इशूने वर बोट केलं आणि म्हणाला, “खाऊ!”

सगळे हसले. मॅडमही हसल्या. मग त्यांनी विचारलं, “हे आजचंच आकाश आहे का?”

“आत्ताचं,” बकुळ म्हणाली. “बाहेर जाऊन ताडून बघा.”

मॅडम खरंच उठून दारात गेल्या. एकदा बाहेर वर पाहिलं, एकदा आत. बाहेर स्वाती, आत स्वाती. परत येऊन त्या गादीवर बसल्या, आणि म्हणाल्या, “पाइपांसाठी दुसरी जागा बघायला हवी.”

आजींनी अंधारात बकुळचा हात दाबला, इतका घट्ट की तिची बोटं दुखली.

“मी हे आकाश पुढे नेऊ?” बकुळने विचारलं. “वेळ पुढे नेता येते ना यात? आता काकांना आज कुठला दिवस ते ठाऊक आहे. मग कुठंही जाऊन परत येता येईल.”

“ने की. कुठं जायचंय?” आजी म्हणाल्या.

बकुळने इशूकडे पाहिलं. तो आईच्या छातीवर पाठ टेकून, तोंड उघडं ठेवून वर बघत होता. “इशू आईएवढा होईल तेव्हाचं.”

तिने आकडा टाकला. तारे हलले, वळले, चंद्र पुन्हापुन्हा उगवून मावळला, आणि मग सगळं थांबलं. अजून यायच्या एका संध्याकाळचं आकाश. कुणी न पाहिलेलं. सप्तर्षी तिथंच होते, स्वाती तिथंच. फक्त ग्रह दुसऱ्या घरांत राहायला गेले होते.

“तेव्हा मी इथली किल्ली सांभाळत असेन,” बकुळ म्हणाली.

“आणि काका?” आईने विचारलं.

“काकाही असतील. प्रणालीची कृती भिंतीवर लिहिलेली आहे ना. कुणीतरी मीठ वाढवत राहील.”

आईने बकुळच्या केसांवरून हात फिरवला. इशू आईच्या मांडीवर केव्हाच झोपला होता, थोपटल्याशिवाय.

सगळे गेल्यावर बकुळने आकाश पुन्हा आजच्या दिवसावर आणून ठेवलं आणि काकांना नीट बंद केलं. टेकडीपलीकडे कुठंतरी वीज चमकली.

“पाड,” आजी दारातून म्हणाल्या.

टाचा उंचावून बकुळने खटका पाडला. खटाक! घुमट अंधारला. गिरणी थांबली, प्रक्षेपक थंड झाला, खडूही मिटला. पण आत, काळ्या पेटीच्या कोपऱ्यात, दिवाळीतल्या पणतीचा सेल जागा होता. तो एकेक सेकंद मोजत होता, सकाळी काकांना सांगायला, की आज कुठला दिवस उजाडला आहे.